बाटलीचा रुपया कुणाचा?

पर्यावरण दिन आला की शाळाशाळांत घोषवाक्यं रंगतात. मुलांना सांगितलं जातं, रिकाम्या बाटल्या आणा, पृथ्वी वाचवा. आमचा याला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की वागळे इस्टेटमध्ये हे काम आधीपासून करतंय कोण? शहराचा कचरा वर्षानुवर्षं सी. पी. तलावाजवळ आणून टाकला, त्याचा वास कुणाच्या घरात शिरला? पहाटे गोणी घेऊन निघणारी बाई बाटली उचलते, तेव्हा ती ‘कचरेवाली’. विद्यार्थ्याने तीच बाटली आणली की त्याला प्रमाणपत्र!

मुलांना शिकवायचंच असेल तर पूर्ण शिकवा. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत महाराष्ट्र शासनाने पेट बाटलीवर परतीची किंमत छापायला सांगितली होती. एक लिटर वा त्याहून मोठ्या बाटलीला १ रुपया, त्याहून लहान बाटलीला २ रुपये. बाटली घेताना गिऱ्हाईक हे पैसे जादा भरणार आणि रिकामी बाटली जो परत देईल त्याला ते मिळणार. म्हणजे हा पैसा कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे. आज किसननगरच्या टपरीवर रिकामी बाटली देऊन तो रुपया मागून बघा. मग कळेल, कायदा कागदावर कसा राहतो. नीलगिरीत मात्र २०२२ पासून दारूची रिकामी बाटली दिली की १० रुपये परत मिळतात. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर जमतं.

गणिताच्या तासाला हे उदाहरण द्या. लिटरची बाटली २० ग्रॅमची धरली तर किलोला ५० बाटल्या, म्हणजे ५० रुपये. आता भंगारवाल्याला पेटचा किलोचा भाव विचारा आणि वजाबाकी करा. जो फरक येईल तो त्या बाईच्या घामातून गेलेला पैसा.

काही गुरुजी म्हणतील, स्वच्छतेत जात कशाला आणता? जात आम्ही आणलेली नाही. ती कचऱ्यात आधीच आहे. जातीने कामाचीच नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडलं. मेलेली ढोरं ओढणं सोडा, असं त्यांनी आपल्या समाजाला बजावलं. तेव्हा वस्तीतल्या पोरांच्या हाती गोणी देणारा ‘उपक्रम’ आम्हाला नको.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक बायांनी संघटनेच्या बळावर महानगरपालिकेकडून ओळखपत्रं मिळवली. पुढे ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेने दारोदारचा कचरा गोळा करण्याचं काम हाती घेतलं. ठाण्यात हे का होऊ नये?

म्हणून कार्यकर्त्यांनो, आपापल्या वस्तीतल्या शाळेत जा आणि तीन गोष्टी मागा. धड्यात कचरावेचकाचं काम आणि तिचा हक्क येऊ द्या. शाळेत जमलेल्या बाटल्या वस्तीतल्या कचरावेचक बाईलाच मिळू द्या. आणि बाटली परत घेण्याची केंद्रं निघतील तेव्हा ती चालवण्याचा पहिला मान त्यांच्या बचत गटाला द्या.

पृथ्वी वाचवायची तर आधी तिला खांद्यावर वाहणाऱ्या माणसाला माणूस म्हणा.

जयभीम!