नाव वाचल्याशिवाय ऐरण भंगारात नको

जुनी ऐरण विकायला निघाली की आधी पुढे येतो तो तराजू. भंगारवाला किलोचा भाव सांगतो, घरच्यांनाही अडगळ गेल्याचे समाधान असते आणि तिच्या अंगावर काय ठोकले आहे हे कोणी पाहतही नाही. जुनी अवजारे हौसेने जमवणारेसुद्धा अनेकदा गंज, वजन आणि ‘किती जुनी?’ या प्रश्नापलीकडे जात नाहीत. माझे म्हणणे असे की ऐरण, घण, हातोडा, सांडशी ही अवजारे घडवणाऱ्याच्या नावानिशी ओळखावीत आणि नावानिशीच जपावीत. नाव कळले की अवजार बोलू लागते. ते गेले की उरते नुसते लोखंड.

इंग्लंडमधल्या डडलीच्या पीटर राइट यांच्या ऐरणी घ्या. त्यांवर नाव असते, भरीव घडीव लोखंडाचा शिक्का असतो आणि बाजूला तीन आकडे असतात, समजा, १-२-१०. हे वजन आहे, पण ते सरळ वाचायचे नाही. पहिला आकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा त्याच्या पाव हिश्श्याचा म्हणजे २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. ११२, ५६ आणि १० मिळून १७८ पौंड, म्हणजे सुमारे ८१ किलो. ब्रुकलिनच्या हे-बडन कंपनीने मात्र वजन थेट पौंडांत ठोकले. त्यामुळे नाव झिजून गेले तरी आकड्यांच्या मांडणीवरून ऐरण कुठली याचा अंदाज बांधता येतो. ‘इंग्लंड’ हा शब्दही काळ सांगतो. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे १ मार्च १८९१ पासून सक्तीचे झाले. तो शब्द असलेली ऐरण बहुधा त्यानंतरची. शब्द नाही म्हणून ती त्याआधीचीच, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. इतर देशांत जाणाऱ्या मालाला ही सक्ती नव्हती.

नावामुळे केवळ वय कळते असे नाही, गुणही कळतो. खणखणली तर ऐरण चांगली, असा सर्रास समज आहे. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या फिशर ऐरणी, ज्यांवर गरुडाचे चिन्ह असते, खणखणतच नाहीत. त्यांचे अंग बिडाचे आणि माथ्यावर पोलादाची पाटी, म्हणून आवाज बद्द येतो. कारखानदार ठाऊक नसलेला माणूस अशी उत्तम ऐरण तडकलेली समजून टाकून देईल. तिची परीक्षा आवाजावर करू नये. पोलादी गोळी वरून सोडावी आणि ती किती उसळते ते पाहावे. हातोड्यांचेही तसेच. न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विचच्या डेव्हिड मेडोल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हातोड्याचे दांड्याचे भोक वाकसासारखे लांब केले आणि डोके दांड्यावरून निसटण्याची सुताराची जुनी कटकट कमी केली. त्यांचे नाव असलेला हातोडा हाती आला की ही सुधारणा डोळ्यांनी पाहता येते.

यावर रास्त आक्षेप येईल की हे सगळे विलायती झाले, आपल्या लोहाराने कधी शिक्का मारला? बहुतेकांनी मारला नाही, हे खरेच आहे. पण का मारला नाही? घेणारा आणि घडवणारा एकमेकांना ओळखत नसतील तेव्हा शिक्का लागतो. गावचा बलुतेदार लोहार सगळ्यांना माहीत होता आणि पाल ठोकून बसणारा घिसाडी गिऱ्हाइकासमोरच विळा-कुऱ्हाड घडवून देत होता. नाव होते, ते लोखंडावर नव्हते, लोकांच्या तोंडी होते. म्हणून आपल्याकडचे काम अधिक निकडीचे आहे. पीटर राइटचा शिक्का आणखी शंभर वर्षांनीही वाचता येईल. हा घण कोणाच्या भट्टीतला, हे सांगणारी आजी-आजोबांची पिढी गेली की ती माहिती कुठूनच मिळणार नाही. कारखान्याच्या मालाचे काम तुलनेने सोपे आहे, कारण १९२०च्या दशकापासून जमशेदपूरच्या टाटा ॲग्रिकोसारख्या नाममुद्रेची अवजारे आपल्याकडेही आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. संग्राहकांनी नावाच्या मागे लागून भाव चढवले, तर काम करणाऱ्या लोहाराला ऐरण परवडायची नाही. त्यामुळे चालत्या भट्टीवरची ऐरण विकत मागूच नये. फोटो काढावा, ठसा कागदावर उतरवून घ्यावा, वजन नोंदवावे, तेवढ्याने भागते. उलट नाव माहीत नसल्यानेच नुकसान अधिक होते. घडीव ऐरणीच्या माथ्यावर पोलादाचा थर बेताचाच असतो. सपाट, चकचकीत करण्याच्या नादात ग्राइंडर फिरवला की तो थर जातो, आणि बाजूने फिरवला की अक्षरे जातात. त्यापेक्षा सैल गंज हलक्या हाताने काढावा, खोलगट अक्षरांवर खडू घासावा आणि तिरपा उजेड पाडून वाचावे.

पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू जमवल्या, म्हणून आज त्या पाहायला मिळतात. लोहाराच्या अवजारांसाठी तशी नजर हवी, आणि त्यासाठी संग्रहालयाची वाट पाहायला नको. घरात जुना घण किंवा ऐरण असेल तर ती विकण्याआधी थोरामोठ्यांना विचारा: कोणी घडवली, कोणत्या गावी, कोणी वापरली? उत्तर चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी अवजाराला बांधून ठेवा.