तुंगारेश्वराचे जुने वहिवाटदार

पश्चिमेला महामार्गालगतची गोदामे आणि दरवर्षी उतारावर थोडी वर सरकणारी चाळींची रांग, तर पूर्वेला पारोळ-उसगावकडील भातखाचरे, अशा दोन सीमांमध्ये उभा असलेला तुंगारेश्वराचा डोंगर 2003 साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. आणि सुमारे 85 चौरस किलोमीटरचे हे वन बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान व तानसा यांना जोडणारा दुवा असल्याने त्या घोषणेचे औचित्य कोणीही नाकारणार नाही. परंतु या परिसरात पाडे करून राहणाऱ्या वारली, कातकरी व मल्हार कोळी कुटुंबांची वहिवाट त्या घोषणेहून पुष्कळ जुनी आहे, ही गोष्ट मान्य करताना सरकारी दप्तराची लेखणी अजूनही अडखळते.

हा वाद आजचा नव्हे. भाताच्या रोपवाटिकेत जाळावयाच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडण्यावर जंगल खात्याने आणलेल्या निर्बंधांविरुद्ध ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेने एवढा गिल्ला केला की मुंबई सरकारला 1885 साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. परकीय सरकारला निदान चौकशी करावीशी वाटली, हे आज आठवले म्हणजे थोडी शरम वाटते.

2006 चा वनहक्क कायदा अभयारण्यांनाही लागू आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेली, कमाल चार हेक्टरपर्यंतची जमीन तो मान्य करतो, आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही बेदखल करता येणार नाही असे बजावतो. पुराव्यासाठी कागदच हवा असेही नाही. गावातील वृद्धांची जबानी, जुने बांध, विहीर, दफनभूमी हेही नियमांनी ग्राह्य धरले आहे. तरीही 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटविण्याचा आदेश दिला तेव्हा देशभरच्या पाड्यांची झोप उडाली, आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला त्यास स्थगिती मिळेपर्यंत ती उडालेलीच राहिली.

वन्यजीवप्रेमी मंडळींना भीती वाटते की पट्टे दिले तर जंगलाचे तुकडे पडतील. वसई-विरारमध्ये राहणाऱ्या माणसाने तरी ही भीती बाळगू नये. जेथे गुंठ्यागुंठ्याचे व्यवहार झाले, शेते बुजली आणि इमारती उठल्या, त्या या तालुक्यात वनपट्टा हीच अशी जमीन आहे की जी वारसाला मिळते पण विकता येत नाही. कायद्याने तिच्या हस्तांतरणाला मज्जाव केला आहे. बिल्डरला जिचा मोह पडूनही उपयोग नाही अशी जमीन जंगलाच्या कडेला असणे, याहून भक्कम कुंपण वनविभाग कोणते उभारणार आहे?

शिवाय जंगलाची जाण कोणाकडे आहे? पहिल्या पावसानंतर विरारच्या बाजारात शेवळांच्या जुड्या मांडून बसलेली बाई जुडीबरोबर मूठभर काकडेही देते, कारण त्यांच्या आंबटपणावाचून शेवळांची खाज मरत नाही. आणि शेवळे कोठे उगवतात हे जसे तिला ठाऊक असते, तसेच बिबट्या कोणत्या ओहोळाने उतरतो हेही. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांत वाघोबाची ठाणी ठिकठिकाणी आहेत. ज्यांनी त्या श्वापदाला देव मानून त्याच्या शेजारी संसार केले, त्यांनाच अतिक्रमक ठरविणे हा मोठाच बुद्धिभ्रंश होय.

सूर्या प्रकल्पाचे पाणी शहरांना मिळावे म्हणून याच डोंगराच्या पोटातून बोगदा काढला गेला. पाणी हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु शहराची गरज मान्य होते तेव्हा नकाशे, मंजुऱ्या आणि निधी यांची जुळणी होते, आणि पाड्याचा दावा मात्र एका समितीकडून दुसऱ्या समितीकडे फिरत राहतो, ही विषमता सहन करण्याजोगी नाही. जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष या नात्याने पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तुंगारेश्वराभोवतीच्या ग्रामसभांचे सामूहिक वनहक्काचे दावे आधी निकाली काढावेत, आणि जे फेटाळले जातील त्यांची कारणे दावेदाराच्या हाती, मराठीत, लेखी द्यावीत.