तक्रार करायची तरी कुणाकडे?

कात्रजच्या आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की मी तासभर टेबल मांडून बसते. रेशनकार्डापासून फारकतीपर्यंत कसलेही कागद घेऊन माणसे येतात. मराठवाड्यातून पोट भरायला आलेली, बिगारी काम करणारी, सोसायट्यांत वॉचमन म्हणून उभी राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी ही माणसे. अशाच एका रविवारी एक बाई सगळी गर्दी ओसरेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिली. शेवटी जवळ आली आणि म्हणाली, "वकीलताई, केस नाही करायची. नुसतं सांगायचंय."

सांगणे असे की, ती जिथे कामाला जाते त्या घरातली सोन्याची चेन सापडेना. मालकिणीने पोलिसांना फोन केला. "जरा चौकशीला चल" म्हणून हिला शहरातल्या एका पोलीस ठाण्यात नेले. दुपारी पाचला बाकावर बसवले ते रात्री अकरापर्यंत. आधी नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, मग वस्ती, आणि शेवटी सरळ जात. जात कळल्यावर बोलण्याची भाषा बदलली. दोन थोबाडीत बसल्या. घरी तान्ही नात आहे म्हणून ती रडली, तर "नाटकं करू नको" हे उत्तर. दोन दिवसांनी चेन मालकिणीच्याच दुसऱ्या पर्समध्ये सापडली. ही बातमी हिला पोलिसांनी दिली नाही, मालकिणीने दिली नाही, सोसायटीच्या वॉचमनने दिली. तोवर त्याच इमारतीतली आणखी दोन घरे सुटली होती.

मी सवयीने कायदा सांगू लागले. साक्षीदार म्हणून चौकशी करायची तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरीच जावे लागते. आरोपी म्हणावे तर सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायला महिला अधिकारी लागते, दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते. म्हणून पोलिसांनी या दोहोंच्या मधला एक रस्ता काढला आहे, त्याचे नाव 'चौकशी'. स्टेशन डायरीत नोंद नाही, अटक नाही, नोटीस नाही. मी म्हटले, ताई, आपण तक्रार करू. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तक्रार करायची तरी कुणाकडे? ज्यानं मारलं त्याच्याच टेबलावर ना?"

वाचकहो, वीस वर्षे मी कोर्टाची पायरी चढते आहे. या प्रश्नाचे कलमांतले उत्तर माझ्याजवळ आहे. पण त्या बाईला पटेल असे उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते.

दर वर्षी २ जानेवारीला महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन साजरा होतो. आदल्याच दिवशी आपण लाखोंच्या संख्येने भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन आलेलो असतो. त्या आठवड्यात शाळेच्या मुलांना ठाणे दाखवतात, बंदुका दाखवतात, पोलीस आपला मित्र आहे असे सांगतात. दारावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद असते. सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचा बंदोबस्त. सज्जन कोण आणि दुर्जन कोण हे ठरवताना मात्र आडनाव का विचारले जाते, हे कोणी मुलांना सांगत नाही.

पोलिसांवर लोकांचा विश्वास का नाही, याची चर्चा अधूनमधून वर्तमानपत्रांत होते. तज्ज्ञ मंडळी म्हणतात, लोकांचा 'समज' चुकीचा आहे, तो संवादाने बदलला पाहिजे. समज! सोमनाथ सूर्यवंशीच्या आईने कोणता समज बदलायचा?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, दगडफेक झाली, आणि त्यानंतर पोलीस आपल्या वस्त्यांत शिरले. धरपकड झाली. त्यात सोमनाथ होता. वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा, पस्तिशीचा तरुण. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. शवविच्छेदनाच्या अहवालात शरीरावरील अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण लिहिले गेले. तरीही विधानसभेत राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी त्याला जुना आजार होता, त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे सांगितले. गृहखातेही त्यांच्याकडेच. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा नोंदवला गेला नाही. आईला उच्च न्यायालयात जावे लागले, तिथे ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले, आणि ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. मग सरकारने काय केले? आदेश पाळला? नाही, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै २०२५ ला तिथेही हार झाली.

म्हणजे, मुलाच्या मृत्यूचा नुसता एफ.आय.आर. व्हावा म्हणून एका आईला साडेसात महिने लागले आणि समोर राज्याची सगळी ताकद उभी राहिली. शिक्षा नव्हे, खटलाही नव्हे. नुसती पहिली खबर. कात्रजच्या धुणीभांडीवाल्या बाईने या बातम्या टीव्हीवर पाहिलेल्या आहेत. तिचा अविश्वास अडाणीपणाचा नाही, तो माहितीवर आधारलेला आहे.

आपल्याला ही यादी नवी नाही. रमाबाईनगरात ११ जुलै १९९७ ला राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण गेले. फौजदार मनोहर कदमला जन्मठेप व्हायला २००९ उजाडले आणि नंतर तो जामिनावर बाहेर आला. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबाचा संहार झाला, तिथे ॲट्रॉसिटीची कलमे न्यायालयात टिकली नाहीत. त्याहीआधी, १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने पोलीस निर्दोष सोडले. त्या निकालाविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलला. कायदा बदलतो, पण आपण रक्त आटवल्याशिवाय नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम आठवावीशी वाटते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे बाबासाहेबांनी जे निवेदन दिले, त्यात लष्कर आणि आरमाराबरोबर पोलीस खात्यातही अस्पृश्यांची भरती व्हावी अशी मागणी होती. ही मागणी केवळ नोकरीची नव्हती. गावगाड्यात कायद्याचे राज्य म्हणजे प्रत्यक्षात सवर्ण अंमलदाराचे राज्य असते, फिर्याद घेणारा आणि फिर्याद ज्याच्याविरुद्ध आहे तो एकाच पंगतीचे असतात, हे बाबासाहेबांनी पुढेही पुन्हा पुन्हा लिहिले. आज आपली मुले-मुली खाकी वर्दीत आहेत. आमच्या कात्रजच्या विहारात बुद्धपौर्णिमेला वर्दीतली दोन-तीन पोरे दर्शनाला येतात, अभिमान वाटतो. पण त्यांच्याशी खाजगीत बोलले की कळते, ठाण्यात त्यांचेही आडनाव विचारले गेलेले आहे. एक जण म्हणाला, "ताई, ॲट्रॉसिटीची फिर्यादी बाई आली की साहेब मला मुद्दाम बंदोबस्ताला पाठवतात." बारा-बारा तास ड्युटी, सुट्टी नाही, आणि वर हे. त्या पोराला दोष देणे मला जमत नाही. पण तो गप्प बसतो हेही खरे.

आता कोथरूडचे पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये तीन तरुणींनी आरोप केला की, एका बेपत्ता विवाहितेच्या शोधाच्या निमित्ताने पोलिसांनी त्यांना मारहाण केली, जातीवाचक बोलले. पोलिसांनी आरोप नाकारले. नाकारोत बापडे, आरोपीला तो हक्क आहे. पण या मुली आणि कार्यकर्ते रात्रभर पोलीस आयुक्तालयात बसून राहिले आणि पहाटे हाती काय पडले, तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल होऊ शकत नाही असे पत्र. घटना सार्वजनिक ठिकाणी घडली नाही, हे त्यातले कारण.

वकील म्हणून मला इथे थांबावे लागते. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ सालीच सांगितले आहे की, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफ.आय.आर. नोंदवणे बंधनकारक आहे. खबर खरी की खोटी ते तपासात ठरते. अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' झाला की नाही हा पुराव्याचा मुद्दा आहे. त्या खोलीत कोण होते, दार उघडे होते का, कोणी ऐकले, हे साक्षीदार तपासल्याशिवाय कसे कळणार? ज्यांच्यावर आरोप त्यांच्याच खात्याने तपासाआधी निकाल दिला. न्यायाधीश कशाला मग, आयुक्तालयालाच कोर्ट करून टाका!

आणखी एक नवे हत्यार ठाण्यांच्या हाती आले आहे, ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३(३) नुसार, तीन वर्षे ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ॲट्रॉसिटी कायद्यातल्या कलम ३(१) च्या गुन्ह्यांना शिक्षा पाच वर्षांपर्यंत, म्हणजे बरोबर याच मापात बसणारी. चौदा दिवसांत गावात काय होते ते मी सांगायला नको. साक्षीदार फिरतात, पंच फिरतात, फिर्यादीच्या भावाचे काम सुटते, आणि उलटी फिर्याद तयार होते. पण २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदनंतर आपण कलम १८-अ मिळवले आहे. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. खास कायदा सामान्य कायद्यावर मात करतो. ठाणे अंमलदाराने 'चौदा दिवस थांबा' म्हटले की १८-अ ची झेरॉक्स त्याच्या टेबलावर ठेवा आणि नकार लेखी मागा. लेखी नकार मागितला की निम्म्या वेळा फिर्याद घेतली जाते, हा माझा अनुभव. उरलेल्या निम्म्या वेळा कलम ४ आहे: कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या बिगर-दलित, बिगर-आदिवासी लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद. या कलमाखाली शिक्षा झालेला अधिकारी मात्र मी माझ्या वकिलीत पाहिलेला नाही.

"खोट्या केसेस फार होतात" हे पालुपद ऐकून कान किटले. ठाण्याने 'बी समरी' पाठवली की केस खोटी ठरली. बी समरी कोण लिहितो? ज्याने पंधरा दिवस फिर्याद घेतली नाही, तोच.

पण बोट फक्त त्यांच्याकडे दाखवून भागणार नाही. आपल्यातले काही 'कार्यकर्ते' ठाण्यातच मुक्काम ठोकून असतात. फिर्यादी आली की हेच तिला बाजूला घेतात, "साहेबांशी बोलतो" म्हणतात, आणि तडजोड घडवून आणतात. निळ्या झेंड्याची गाडी ठाण्याच्या आवारात दिसली की आरोपीच निर्धास्त होतो, अशी परिस्थिती काही भागांत आली आहे. त्या बाईच्या प्रश्नात हे लोकही आहेत. बदलापूरच्या प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला तेव्हा पेढे वाटले गेले, आणि आपल्या वस्त्यांतली पोरेही मोबाईलवर ती चित्रे फिरवत होती. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पाच पोलिसांना जबाबदार धरले. त्याच्यावरचा आरोप भयंकर होता, त्याची शिक्षा कोर्टातच व्हायला हवी होती. पोलिसांना कोठडीत न्याय करायची मुभा एकदा दिली की ती परभणीपर्यंत पोहोचते. दुसऱ्याच्या पोराच्या वेळी टाळी आणि आपल्या पोराच्या वेळी मोर्चा, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही.

आणि याच पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात पोर्श गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले. बाल न्याय मंडळाने काही तासांत निबंधाच्या अटीवर जामीन दिला तो भाग वेगळा. पण येरवड्याचे दोन अधिकारी घटना वरिष्ठांना वेळेत न कळवल्याबद्दल निलंबित झाले, ससूनमधले डॉक्टर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली पकडले गेले. श्रीमंताच्या मुलाचे रक्त बदलण्यासाठी यंत्रणा धावली असा आरोप, आणि धुणीभांडीवाल्या बाईला सहा तास पाणीसुद्धा विचारले नाही. हा फरक कुठल्या मोहल्ला कमिटीच्या बैठकीत मिटणार?

सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा म्हणून सांगितले. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून राज्यस्तरीय आणि विभागीय प्राधिकरणाची तरतूद केली. 'त्याच्याच टेबलावर' जावे लागू नये म्हणून हे दुसरे टेबल. मी आमच्या विहारात त्या दिवशी बसलेल्या चौदा-पंधरा जणांना विचारले, एकालाही त्याचे नाव माहीत नव्हते. ठाण्याच्या भिंतीवर हेल्पलाईनचे फलक असतात, सायबर गुन्ह्यांचे असतात, या प्राधिकरणाचा पत्ता मी गेलेल्या एकाही ठाण्यात ठळक लावलेला दिसला नाही.

परमवीर सिंग सैनी खटल्यात डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या दारात, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण किमान वर्षभर जपायला सांगितले आहे. ती बाई बसली तो बाक व्हरांड्यातच आहे. तिसऱ्या रविवारी ती परत आली, नातीला कडेवर घेऊन. म्हणाली, "लिहा, ताई. माझं नाव पूर्ण लिहा, नवऱ्याचं आणि आडनावासकट." आम्ही दोन अर्ज केले. एक प्राधिकरणाकडे, आणि एक माहितीच्या अधिकारात त्या दिवशीच्या दुपारी पाच ते रात्री अकराच्या चित्रणासाठी. दुसऱ्याचे उत्तर आले आहे: तांत्रिक बिघाडामुळे चित्रण उपलब्ध नाही. बिघाड कधी झाला, दुरुस्तीला कोणाला बोलावले, त्याचे बिल कुठे आहे, अशी विचारणा करून पहिले अपील टाकले आहे. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.