गुण शंभराच्या वर जात नाहीत, हे कंपायलरला कोण सांगणार?

मंडळी, "यंत्रं वेगवान झालीत, आता कंपायलर सुधारायची खटपट कशाला?" असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

गुण ० ते १०० मध्येच आहेत हे एका फंक्शनने तपासून पुढे धाडलं, तरी पुढच्याला पत्ता नसतो. ते तेच दळण पुन्हा दळतं! ही मर्यादा फंक्शनची वेस ओलांडून पोचली, की फुकटची तपासणी गळते. अट एकच, गुण धाडणारे सगळे ठाऊक हवेत. एक जरी अनोळखी निघाला, तर भरवसा संपला.

मुंबईच्या आयआयटीतल्या उदय खेडकर आणि सहकाऱ्यांचं 'डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस' २००९ साली आलं. त्यात फंक्शनांपलीकडचा हा विचार आहे. औशातल्या पोरांना आपण मात्र नुसतं कोडिंग घोकायला लावतो. वेगवान यंत्र विकत मिळतं हो, विचार नाही मिळत!