पावसाआधीचे मत्स्यबीज

मृगाचा पहिला जोरदार पाऊस कोसळून ओढ्यांना गढूळ पाण्याचे लोंढे आले, की प्रवाहाविरुद्ध भाताच्या खाचरांकडे धाव घेणाऱ्या चढणीच्या माशाचे पोट बोटाने किंचित दाबताच गाबोळीचे पिवळसर दाणे ओघळून हातावर येतात. आणि ज्याने बालपणी हे एकदा पाहिले आहे, त्याला ऋतू आणि प्रजनन यांचा निकटचा संबंध निराळा शिकवावा लागत नाही.

कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्या तळ्यांतील प्रमुख मासे मूळचे नदीचे रहिवासी. उन्हाळ्यात दिवस वाढत जाऊन पाणी तापू लागले, की तळ्यातही त्यांची गाबोळी भरते. परंतु पुराच्या नव्या पाण्याची ओढ तेथे नसल्यामुळे मादी अंडी घालीत नाही आणि अखेरीस ती अंडी तिच्या शरीरातच विरून जातात. बंगालमध्ये बांकुडा आणि मेदिनीपूर या जिल्ह्यांतील मत्स्यपालकांनी उतारावर बांध घालून, पावसाचे वाहते पाणी त्यात अडवून, नदीचाच आभास निर्माण करण्याची युक्ती फार पूर्वी साधली होती. पुढे १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि देशातील आधुनिक मत्स्यशेतीचा पाया तेथे घातला गेला. आजच्या गोल हौदांच्या बीजकेंद्रात पाणी चक्राकार फिरते आणि वरून फवाऱ्यांची सर पडते, ती त्याच पुराची आणि पावसाची नक्कल होय.

परंतु सुई दिली तरी ती परिपक्व गाबोळीलाच मोकळी करते. गाबोळी केव्हा पिकावी याचा निर्णय प्रकाश, उष्णता आणि आहार यांच्याच हाती राहतो. हे सूत्र ओळखून १९३७ सालीच अमेरिकेत हूव्हर या संशोधकाने दिव्यांच्या साहाय्याने ट्राउट माशाचा हंगाम अलीकडे ओढून दाखविला होता. माशाच्या मस्तकातील पिनियल ग्रंथीला अंधाराचा अवधी कळतो, आणि त्यावरून त्याच्या देहाचे पंचांग चालते. म्हणूनच ट्राउट आणि सामन यांचे पालक आज दिवसाची लांबी नियंत्रित करून निरनिराळ्या कळपांकडून निरनिराळ्या महिन्यांत अंडी मिळवितात.

आमच्याकडे असे पावसाआधी बीज मिळविण्याची निकड का आहे, हे हिशेब मांडला की उमगते. जुलैत निघालेल्या मत्स्यजिऱ्याची (नवजात पिलांची) बोटाएवढी बोटुकली होण्यास दोन-तीन महिने लागतात, म्हणजे ती तलावात पडते तोवर पाऊस सरत आलेला असतो. आणि दुष्काळी तालुक्यांतील हंगामी तलाव तर उन्हाळ्यात आटून जातात, त्यामुळे अर्धवट वाढलेला मासा पडेल त्या भावाने काढावा लागतो. हेच बीज चैत्रात तयार झाले, तर आर्द्रा नक्षत्रापर्यंत बोटुकली सिद्ध होऊन नव्या पाण्याबरोबरच तलावात सोडता येईल.

यासाठी लागणारी सामग्री अवाढव्य नाही: प्रकाश रोखणारी बंदिस्त शेड, घड्याळावर चालणारे दिवे, पाण्याची ऊब राखण्याची सोय, नर्सरीच्या हौदांना उन्हाळाभर पुरेल इतके पाणी आणि प्रजनक माशांचे उत्तम पोषण. मात्र एकाच मादीकडून वारंवार अंडी घेण्याचा लोभ किंवा त्याच मोजक्या प्रजनकांच्या पिढ्यान्‌पिढ्या वापरण्याचा शिरस्ता कदापि चालू देता कामा नये, कारण जवळच्या रक्तसंबंधातून निपजलेले बीज खुरटते, आणि खुरटलेले बीज लवकर मिळाले तरी गरीब मच्छीमाराच्या कामाचे नाही.

वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, म्हणजे विद्येसाठी दूर जाण्याचे कारण नाही. मत्स्यव्यवसाय खात्यास माझी विनंती एवढीच, की सर्व जिल्ह्यांच्या तजविजीची वाट न पाहता दुष्काळी भागातील एका सरकारी बीजकेंद्रास आधी मंजुरी आणि तरतूद द्यावी, आणि येत्या पौषात तेथे दिवे लावावेत.