कोळ्याचे कूळ कोणी ठरविले?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सप्टेंबरात आमच्या तुरीच्या शेतात एक जाळे पाहिले. दोन ओळींच्या मधोमध ताणलेले, चाकासारखे गोल; मध्यभागी पिवळ्या पट्ट्यांची मादी डोके खाली करून बसलेली. तिच्या पायांपाशी पांढऱ्या धाग्याची नागमोडी रेघ होती. त्या रेघेवरूनच इंग्रजीत तिला ‘सही करणारा कोळी’ म्हणतात, हे पुढे वाचनालयातल्या पुस्तकात कळले. माझी आजी अजून अंगठाच उठवते. म्हणूनच की काय, हे नाव माझ्या मनात राहिले.

कला शाखेच्या मुलीने कोळ्यावर लेख का लिहावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी देईन.

आपण घरात त्याला नुसते ‘कोळी’ म्हणतो आणि दिवाळीच्या आधी जळमटांसह झाडून टाकतो. आपणच असे अडाणी आहोत असे नाही. थोर शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली सगळे कोळी एकाच प्रजातीत घातले आणि तेही कीटकांबरोबर! कीटकांना सहा पाय व कोळ्याला आठ, हे त्याला दिसत नव्हते असे थोडेच आहे? पण त्याची व्यवस्था तशी होती. त्याच्याच देशातल्या क्लर्क याने एक वर्ष आधी, १७५७ साली, स्वीडनच्या कोळ्यांवर ग्रंथ लिहिला होता. प्राण्यांची नावे १७५८ पासूनच ग्राह्य धरायची असा नियम आहे. परंतु क्लर्कचे काम इतके चोख, की त्याच्यासाठी नियमाला अपवाद करण्यात आला. चाकासारखी जाळी विणणाऱ्या कोळ्यांचे ‘ॲरेनिडी’ हे कूळ त्याच्याच नावावर आहे. आज या कुळात तीन हजारांहून अधिक जाती मोजतात. आपल्याकडे बी. के. टिकादर यांनी १९८२ साली ‘फॉना ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेत या कुळाचा स्वतंत्र भाग लिहिला.

मला वाटले होते, गोल जाळे दिसले की झाले ॲरेनिडी. इतके सोपे ते नाही. उलोबोरिडी नावाच्या दुसऱ्या कुळातले कोळीही तसेच गोल जाळे विणतात. पण त्यांच्या धाग्याला चिकट थेंब नसतात, पिंजलेल्या लोकरीसारखा तंतू असतो, आणि त्यांना विषग्रंथीही नसतात. उलट ॲरेनिडीतलेच काही कोळी चाक विणत नाहीत. कोणी तंबूसारखे आडवे जाळे बांधतो, तर अमेरिकेतला एक धाग्याच्या टोकाला चिकट गोळा लोंबकळत ठेवून पतंग पकडतो. म्हणजे धंदा एक म्हणून कूळ एक नाही, आणि कूळ एक म्हणून धंदाही एक नाही! २०१४ साली जनुकांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा ही दोन चाककरी कुळे मानली होती तितकी जवळची नाहीत असे दिसले. गोल जाळे एकदाच जन्मले आणि पुष्कळांनी सोडले, की ते दोनदा जन्मले, यावर विद्वान अजून भांडत आहेत.

सोनेरी धाग्याच्या नेफिलाची कथा तर आणखी गमतीची. सह्याद्रीच्या रानात तिची मोठाली जाळी दिसतात. तिला आधी ॲरेनिडीत ठेवले, मग टेट्राग्नॅथिडीत नेले. २००६ साली कुंटनर यांनी तिच्या गोताला स्वतंत्र कूळ दिले. २०१६ साली इतरांनी ते काढून तिला परत ॲरेनिडीत आणले. २०१९ साली कुंटनर यांनी पुन्हा वेगळी चूल मांडून दिली आणि त्यालाही आक्षेप आला.

हे ऐकून माझी मैत्रीण म्हणाली, “मग हे शास्त्र कसले? दर दहा वर्षांनी बदलते ते!” आईला सांगितले तर ती म्हणाली, “नाव बदललं म्हणून ती माश्या खायची थांबणार आहे का?” दोघींचेही म्हणणे खरे आहे; परंतु मला त्यात दुसरेच काही दिसते. शेतातल्या त्या कोळ्याचे नाव पुस्तकात असे छापलेले असते : आर्जिओपी अनसुजा, थोरेल, १८८७. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने आपले नाव आणि साल लिहून ठेवले आहे. उद्या तो चुकला असे कोणाला वाटले, तर कोणाशी वाद घालायचा हे ठाऊक असते. वाद घालणाऱ्यालाही पुरावा मांडावाच लागतो.

आता आपल्याकडे पाहा. दहावीचे गुण पाहून एका वडीलधाऱ्या माणसाने माझ्या वडिलांना सांगितले, “हिला आर्ट्सला घाला, हिच्या डोक्याला तेच झेपेल.” वडिलांनी मान डोलावली. ते तरी काय करणार? आमच्या घरात त्यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. त्या वर्गीकरणाला पुरावा कोणता? त्यावर सही कोणाची? ‘कूळ’ आणि ‘जाती’ हे शब्द शास्त्राने आपल्या बोलीतूनच उचलले. शास्त्रात सारी माणसे मिळून जाती एकच. गावात मात्र त्याच शब्दाने माणसांच्या वेगळ्या रांगा लागतात, आणि त्या कोणी लावल्या ते कोणी सांगत नाही.

मला कला शाखेत आल्याचा पश्चात्ताप नाही. इतिहास आणि मराठी मला मनापासून आवडतात. माझे म्हणणे एवढेच, की वर्ग पाडल्यावाचून ज्ञान चालत नाही; मात्र ज्याने वर्ग पाडला त्याने कारण द्यावे, आणि चूक दिसली तर नेफिलासारखी जागा बदलू द्यावी. आमच्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे : व्याख्या पाठ करायला सांगता, तशी ती कोणी केली व कोणी खोडली हेही विचारा. परीक्षेत त्याला दोन गुण ठेवा.

आणि मित्रमैत्रिणींनो, सायकल स्टँडच्या कोपऱ्यात असे जाळे दिसले तर झाडूने ओढू नका. थोडे वाकून पाहा. तो कोळी आहे, किडा नव्हे. एवढी दुरुस्ती तर आपण आजच करू शकतो.