राजाच्या खांद्यावरील प्रेत आणि पडद्यावरील भुते

सिल्वासानजीकच्या आमच्या खेरडीतही आता भुताखेतांचे चित्रपट हातातल्या मोबाइलवर पाहिले जातात. देवळाच्या ओसरीवर त्यांचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी एकच निवाडा देतात: हे सारे अमंगळ आहे, ते बंद झाले पाहिजे. या निवाड्याशी आम्ही सहमत नाही. आमची तक्रार निराळी आहे आणि अधिक कठोर आहे.

भयाला आपल्या परंपरेने कधी हाकलून दिलेले नाही. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार होय. तो रात्री गावातून फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने भक्त त्यास चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. गोव्यात आमोणे येथेही वेताळाचे देऊळ आहे. ज्याचे भय वाटावे त्यासच राखणीस बसविणाऱ्या समाजाने भयकथेस भ्यावे, हे त्यास शोभत नाही.

आमचा आक्षेप आहे तो चार-सहा भयकथा एका सूत्रात ओवणाऱ्या चित्रपटांवर, आणि तोही त्यांतील कथांवर नव्हे, त्या सूत्रावर. २००३ सालच्या ‘डरना मना है’मध्ये मोटार बिघडते, रानात अडकलेले मित्र शेकोटीभोवती बसतात आणि एकेक गोष्ट सांगतात. २००६ सालच्या ‘डरना ज़रूरी है’मध्ये मुले आणि गोष्टी सांगणारी म्हातारी आहे. सांगणाऱ्यांवर वा ऐकणाऱ्यांवर संकट येते, नाही असे नाही. परंतु सांगितलेल्या कथांनीच ते ओढवले, असे कोठे जाणवत नाही. क्रम बदलला, एखादी कथा गाळली, तरी काय बिघडेल? अशा सूत्रास आम्ही सूत्र म्हणत नाही. ती केवळ खुंटी होय.

आता आपल्या घरचे सूत्र पाहा. सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात सांगितलेल्या वेताळकथांत राजा शिंशपा वृक्षावरील प्रेत खांद्यावर घेऊन चालतो. वेताळ कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल. बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाईल. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर त्यास सुचत नाही, तो मौन राहतो. आणि तेव्हा प्रसन्न झालेला वेताळच त्यास कपटी भिक्षूच्या कटाची सूचना देतो. येथे प्रत्येक कथा म्हणजे न्यायबुद्धीची एकेक कसोटी आहे. ऐकणाराच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. ज्याचे भय वाटत होते तोच त्राता ठरतो. आरवलीची श्रद्धा याहून वेगळे काय सांगते?

निर्माते म्हणतील, आमच्याजवळ पैसा नाही. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. १९८५ साली रामानंद सागर यांनी दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ दाखविले; त्यातील चमत्कार आज पाहता बाळबोध वाटतात, तरी खांद्यावरचा तो बेताल एक पिढी विसरलेली नाही. विलायतेत १९६५ साली ॲमिकस या छोट्या कंपनीने ‘डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स’ काढला. त्याचे सूत्र काय? आगगाडीचा एक डबा, सहा प्रवासी आणि भविष्य सांगणाऱ्या पत्त्यांचा एक जोड. पाचांचे भविष्य सांगणारा सहावा प्रवासी साक्षात मृत्यूच होता, हे शेवटी उमगते. डब्यास, प्रेतास, झाडास कितीसे द्रव्य लागते? लागतो तो विचार, आणि विचारास भाडे पडत नाही.

म्हणून ओसरीवरील मंडळींस आमची विनंती की, बंदीची भाषा सोडावी आणि मुलांस आधी वेताळाच्या कथा सांगाव्यात. त्या ऐकलेले मूल खुंटी आणि सूत्र यांतील भेद आपण होऊन ओळखील. आणि चित्रपट काढणाऱ्यांस आमचे सांगणे इतकेच: भूत खुशाल दाखवा, परंतु त्याने आम्हांस काही विचारले पाहिजे. ज्या भुताजवळ प्रश्न नाही, ते आमच्या वेशीवर उभे राहण्याच्याही योग्यतेचे नाही.